तीनशे सतरावं खापर

सुट्ट्या लागायला नऊ दिवस उरले होते आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर तीनशे सोळा फुटकी खापरं होती. ती मी फोडलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला.

मी पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. करते. वय एकोणपन्नास. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग म्हणतो, "छान! वेळ जातो." वेळ जात नाही हो, पुरत नाही, म्हणून तर हे सगळं लिहायची पाळी आली. माझं तिसरं सत्र दोनदा अर्धवट सुटलं होतं आणि विद्यापीठाचा नियम असा की एका सत्राला तीनदाच बसता येतं. ही तिसरी वेळ. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी चार वाजायच्या आत खापरं परत, अहवाल सादर आणि कार्यालयाचा शिक्का, एवढं झालं तर मी पुढच्या सत्रात. नाही तर माझी एम. ए. संपली, आणि तीही न होता.

काम तसं सोपं होतं. सरांनी सांगितलं तेव्हा तरी सोपं वाटलं. जुन्या एका उत्खननातली किरकोळ खापरं विभागात अभ्यासासाठी ठेवलेली असतात. त्यातली प्रत्येकाने एक पेटी घ्यायची. एकेक तुकडा मऊ ब्रशने धुवायचा, सावलीत वाळवायचा, वजन करायचं, वहीत नोंद आणि चित्र काढायचं. मग तुकड्याच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, त्यावर शाईने बारीक आकडा लिहायचा आणि वरून पुन्हा नेलपॉलिश. म्हणजे आकडा पुसला जात नाही आणि खापराला इजा होत नाही. हे जगभर असंच करतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. एवढं मोठं शास्त्र, आणि अडलं कुठे, तर बायकांच्या ड्रेसिंग टेबलापाशी!

ऐन वेळी विभागातल्या धुण्याच्या खोलीचा नळ फुटला. सरांनी तीन प्रतींत परवानगी दिली आणि पेट्या घरी न्यायला सांगितल्या. सर माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान आहेत. ते मला "मॅडम" म्हणतात, पण एकदा घाईत "काकू" म्हणून गेले होते आणि त्यानंतर दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हते. वर्गातली मुलं मात्र बिनधास्त काकू म्हणतात. माझं काही म्हणणं नाही. फक्त "काकू, तुम्हाला ते युग आठवत असेल ना?" हा विनोद एका सत्रात एकदाच करावा.

पेटी घरात आली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"हे काय?"

"आई, अभ्यास."

त्यांनी झाकण उचलून पाहिलं, एक तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला. "चांगलं भाजलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

हेच वाक्य सरांनी वर्गात पाऊण तास समजावून सांगितलं होतं.

नेलपॉलिशच्या दुकानातली मुलगी फार प्रेमळ होती. मी बिनरंगीच्या सहा बाटल्या मागितल्यावर तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आंटी, तुम्हाला लालसुद्धा चांगला दिसेल. घाबरू नका, एकदा लावून बघा." मी म्हटलं, "माझ्यासाठी नाही, खापरांसाठी." तिने सहा बाटल्या पिशवीत घातल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पहिले चार दिवस दृष्ट लागावी असे गेले. धुतलं, वाळवलं, तोललं, चित्रं काढली. दोनशे चौदा नंबरचं खापर तर माझं लाडकं झालं. दिसायला अगदीच सामान्य, एकतीस ग्रॅम, पण आतल्या बाजूला घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा उमटलेला. माती ओली असताना कुणीतरी तिथे अंगठा दाबला होता. मी त्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. बसला नाही. माझा मोठा होता. मग मी वहीत लिहिलं, "आत बोटाचा ठसा, बहुधा बाईचा", आणि "बहुधा बाईचा" हे खोडलं, कारण सरांना "बहुधा" चालत नाही.

पाचव्या दिवशी नेलपॉलिशच्या वासाने आईंचं डोकं चढलं. त्या कपाळाला पदर बांधून बसल्या आणि म्हणाल्या, "माझं काय, मी सहन करीन." या वाक्यानंतर आमच्या घरात कुणीही काहीही सहन करू देत नाही. मी सगळे ट्रे उचलून गच्चीच्या जिन्यातल्या शेवटच्या चौकात नेऊन ठेवले.

तासाभरात तिथे चिठ्ठी लागली. "सामाईक जागेत राडारोडा टाकू नये. – सचिव."

सचिव म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका. आयुष्यभर पूल बांधले, आता पूल नाहीत म्हणून आमची इमारत सांभाळतात. मी ती चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि अर्धा तास समजावलं की हा राडारोडा नसून मानवी संस्कृतीचा पुरावा आहे. अपमान झालेला होताच, त्यामुळे मी जरा जास्तच चांगलं बोलले. काका भारावले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

"म्हणजे हे सगळं शेवटी जोडायचं असेल," ते म्हणाले.

"असं काही नाही काका, मुख्य म्हणजे नोंद…"

"फोडलेलं आहे म्हणजे जोडायचंच असणार," काका ठामपणे म्हणाले.

मी हसले. इथे हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे बघायला वर गेले, तर चौकाच्या कट्ट्यावर एक पेनस्टँड उभा. अकरा खापरांचा. वेगवेगळ्या भांड्यांची, काही तर एकमेकांपासून चार-पाचशे वर्षं लांबची खापरं पुलाच्या लोखंडाला लावतात तसल्या गोंदाने घट्ट जोडलेली, आणि मध्ये काकांचं स्वतःचं पेन. बाजूला काका. पहाटेपासून बसलेले.

"कसा झालाय?"

मी तोंडावर हात धरला. काकांना वाटलं, मला भरून आलं.

"उरलेल्यांचा टेबललॅम्प होईल," ते म्हणाले. "मी मापं घेतलीयेत."

त्यांना दुखवायचं नाही, लॅम्प होऊ द्यायचा नाही आणि उरलेली खापरं खाली न्यायची, या तिन्ही गोष्टी मी एकाच जिन्यात कशा साधल्या ते मलाच माहीत. पेनस्टँडही "घरी दाखवते" म्हणून घेऊन आले.

गोंद कशाने निघतो हे शोधण्यात दुपार गेली. निघतो तो नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने. पुन्हा त्याच दुकानात गेले. त्या मुलीने मला पाहिलं, सहा बाटल्यांची आठवण ठेवली आणि म्हणाली, "पश्चात्ताप झाला का आंटी?" मी म्हटलं, "फार."

आता कुणाच्याही लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं. एम. ए.च्या तिसऱ्या सत्रात असूनही नाही आलं. अकराच्या अकरा खापरं त्या द्रावणात बुडवून ठेवली. गोंद सुटला, आणि नेलपॉलिशही सुटलं, आणि त्याबरोबर सगळे आकडे. द्रावणात थोडी शाई तरंगत होती, तेवढंच काय ते शिल्लक. अकरा नागडे तुकडे वर्तमानपत्रावर वाळत घातले आणि मी ठरवलं की रडायचं नाही. वहीत वजनं आहेत, चित्रं आहेत, एकेकाला ओळखून काढू.

ओळखलं! दीड दिवस लागला. एक एक तुकडा तोलून, चित्राशी ताडून, दहा ओळखले. अकरावा ओळखायचा प्रश्नच नव्हता, तो माझा दोनशे चौदा होता. फक्त तो वर्तमानपत्रावर नव्हता.

मी मोजलं. तीनशे पंधरा. पुन्हा मोजलं. तीनशे पंधरा. केराचा डबा, बाथरूम, सोफ्याच्या खाचा, ह्यांच्या विजारीचे खिसे, सगळं पालथं घातलं. इंजिनिअर काकांकडे गेले. ते म्हणाले, "मी अकरा जोडले, अकरा दिले. हिशेबाला मी पक्का आहे." घरभर "दोनशे चौदा! दोनशे चौदा!" असं मी ओरडत फिरत होते, जसं काही हाक मारली की ते ओ देणार होतं.

हे मदतीला आले. माझ्या नवऱ्याची मदत म्हणजे दारात उभं राहून विचारणं. "शेवटचं कुठे ठेवलं होतंस?"

"अहो, ते माहीत असतं तर तिथेच सापडलं नसतं का?"

"एका तुकड्याने काय होतं? तीनशे पंधरा काय कमी आहेत?"

"एक जरी कमी पडला तर स्टोअरची सही नाही. सही नाही तर शिक्का नाही. शिक्का नाही तर गेलं सत्र. तिसऱ्यांदा गेलं. आता चौथ्यांदा कुणी बसू देणार नाही!"

हे शेवटचं वाक्य जरा मोठ्याने निघालं. आई त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. पहिल्यांदा सत्र सुटलं ते त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनमुळे आणि दुसऱ्यांदा डोळ्यांच्या. यावर आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही. मी कधी म्हटलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. त्या वळल्या आणि आत गेल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी, काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही, मी पुन्हा मोजायला बसले. तीनशे सोळा.

परत मोजलं. तीनशे सोळा! आणि दोनशे चौदा नंबर आपला दोनशे तेरा आणि दोनशे पंधराच्या मध्ये, आकडा घालून, वरून नेलपॉलिश लावून, शहाण्यासारखा बसलेला. म्हणजे मीच त्याला आधी नंबर घालून जागेवर ठेवलं आणि विसरले! स्वतःला दोन शिव्या दिल्या, पेटी बंद केली, अहवाल पिशवीत घातला आणि निघाले. आनंदात माणूस मोजतो फक्त, बघत नाही.

विभागाच्या स्टोअरमध्ये एकच गृहस्थ असतात. त्यांना सगळे स्टोअरवाले म्हणतात. ते खापरांकडे बघत नाहीत, खापरांच्या संख्येकडे बघतात. तीन वाजता त्यांनी मोजायला सुरुवात केली. मध्ये फोन आला, पुन्हा पहिल्यापासून. सव्वातीनला शेवटचं खापर ट्रेमध्ये ठेवलं. "तीनशे सोळा. बरोबर." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारात हे. घामाघूम. तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने मी विसरलेला डबासुद्धा कधी मागे आणून दिलेला नाही. आज मात्र धावत आले होते, आणि हात उंच केला होता.

"सापडलं!"

हातात खापर. आकडा नसलेलं, लालसर, सामान्य.

"अगं, तू परवा चित्रं ताडताना टेबल हलतंय म्हणून ओरडत होतीस ना? मी पायाखाली दगड सरकवला होता. आज टेबल सरकवताना पाहिलं, हा तर तुझा दगड!"

स्टोअरवाल्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"म्हणजे तीनशे सतरा," ते म्हणाले.

"हो… म्हणजे…"

"कमी असतं तर अर्ज आहे. 'गहाळ' म्हणून, चौकशी सुट्टीनंतर. जास्त असलं तर अर्ज नाही. जास्त कुणी परत करतच नाही."

हे माझ्याकडे बघत होते, मी त्या खापराकडे. स्टोअरवाल्यांनी थोडा विचार केला. माणूस वाईट नव्हता, त्यालाही चार वाजता सुट्टी लागायची होती.

"हे बघा ताई, पेटीतल्या सगळ्यांवर नंबर आहेत. एक ते तीनशे सोळा. ह्याच्यावर नंबर नाही. म्हणजे हा दगड आहे. बाहेर कुंडीत टाका, मी सही करतो."

"टाकतो," हे म्हणाले आणि निघालेसुद्धा.

"थांबा," मी म्हटलं.

मी ते खापर हातात घेतलं. आतल्या बाजूला अंगठा ठेवला. बसला नाही. आणि पेटीतला दोनशे चौदा उचलला. त्याच्या कडा धारदार, कालच फुटल्यासारख्या. आत गुळगुळीत, कुठे ठसा नाही. आकडा माझ्यापेक्षा सुबक, चार दिवस शेजारी बसून बघितल्यावर कुणालाही जमेल असा, फक्त चाराचं शेपूट जुन्या वळणाचं. आणि बाहेरच्या बाजूला पांढुरकी रेघ. ती रेघ मी रोज घासते. आज सकाळी दही स्टीलच्या डब्यातून का आलं, ते मला त्या काउंटरपाशी कळलं. आईंनी स्वतःचं दह्याचं मातीचं भांडं फोडलं होतं.

"हा नंबरवाला खोटा आहे," मी म्हटलं. "हा बिननंबरचा खरा."

"अगं, गप्प बस ना!" हे दबक्या आवाजात म्हणाले. "सही करतायत ते!"

खरं सांगते, मी गप्प बसायचा विचार केला. पाच सेकंद केला. कुणाला कळलं असतं? पुढच्या कुणा विद्यार्थ्याने आमच्या दह्याच्या भांड्याची नोंद केली असती, चित्र काढलं असतं, झालं. पण दोनशे चौदा कुंडीत गेला असता. ज्या बाईने तिथे अंगठा दाबला (बहुधा बाईने) तिचा अंगठाभर पुरावा मी तासाभराच्या घाईपायी कुंडीत टाकायचा, आणि वर त्याच विषयाची एम. ए. व्हायचं?

"मला सरांची लेखी खात्री लागेल," स्टोअरवाले म्हणाले. "सर चाललेत. गाडी आलीय त्यांची."

मग मी पळाले. एकोणपन्नासाव्या वर्षी, दोन हातांत दोन खापरं घेऊन, लांबच लांब कॉरिडॉरमधून, मागे हे, आणि बाजूने "काकू, सावकाश!" म्हणणारी सगळी मुलं. सर पायऱ्यांखाली, खांद्याला बॅग, एक पाय गाडीत.

"सर, यातलं एक खरं आहे!"

सरांनी दोन्ही हातात घेतली. एकदा पाहिलं. मला वाटलं, सांगतील. त्यांनी दोन्ही परत माझ्या हातात ठेवली.

"तुम्ही सांगा. लिहून द्या, मी सही करतो."

"सर, पावणेचार झालेत!"

"मग लवकर लिहा, मॅडम."

मी पायरीवर बसले आणि मांडीवर वही ठेवून लिहिलं. कडा झिजलेल्या, कडा ताज्या. वजन एकतीस, वहीत एकतीस. आतला ठसा, तो वहीतल्या चित्रात आहे. द्रावणामुळे आकडा गेल्याचं कारणही लिहिलं, पेनस्टँडसकट. दुसरा तुकडा आधुनिक, घरगुती, दह्याच्या भांड्याचा, पेटीत चुकून आलेला. सरांनी वहीतल्या नोंदीशी ताडून वाचलं. "चुकून" या शब्दाशी थांबले.

"चुकून?"

"सासूबाईंनी घातला, सर. मला एक कमी पडत होता म्हणून."

सरांनी पेन काढलं. त्यांनी "चुकून" खोडलं, वर "हेतुपुरस्सर" लिहिलं, खाली सही केली आणि गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "बोटाच्या ठशापुढे जे खोडलंय ना तुम्ही, ते राहू दिलं असतं तरी चाललं असतं."

स्टोअरची सही तीन चोपन्नला झाली. तीन अठ्ठावन्नला कार्यालयातल्या बाईंनी कुलूप हातात घेऊनच शिक्का मारला. ठप्प! इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

घरी आलो तेव्हा आई दारातच होत्या. माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पिशवीकडे बघत होत्या.

"झालं?"

"झालं, आई. सत्र पूर्ण."

त्यांनी श्वास सोडला. मी पिशवीतून त्यांचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. नंबर, नेलपॉलिश, सगळं तसंच. त्यांनी तो उलटासुलटा केला.

"हा परत पाठवला?"

"हो."

"म्हणजे तुझे तीनशे सोळा पास, आणि माझा एक तेवढा नापास?"

"आई, कडा," मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. "कडा ताज्या होत्या. जुन्या खापरांच्या कडा झिजलेल्या असतात."

आईंनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढच्या सत्राला आधी सांगत जा. मी घासून देईन."